नवी मुंबईत पायी चालण्यावर प्रबंध करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहायला नेरूळला. प्रबंध शाश्वत शहरं आणि सक्रिय वाहतूक, म्हणजे चालणं आणि सायकल, यावर करायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, वॉकेबिलिटी इंडेक्स, म्हणजे चालण्याच्या सोयीचा निर्देशांक, काढ आणि ४०० जणांची प्रश्नावली भरून घे. पण नवी मुंबई तर आखीव शहर, पदपथही बरे आहेत. मग इथे संशोधनाला काही उरतं का? की ठाणं घेऊ?"

उरतं, आणि भरपूर उरतं. मी गेली बावीस वर्षं ठाणे, नवी मुंबई, कल्याण या पट्ट्यात वाहतुकीची सर्वेक्षणं करते आहे, त्यातली बरीचशी पायी चालणाऱ्यांची. पहिलं सांगणं एवढंच की अभ्यासाचं एकक पदपथ धरू नका, फेरी धरा. माणूस घराचं दार ओढून निघतो तिथपासून पोहोचेपर्यंतची सगळी वाट म्हणजे फेरी, आणि पदपथ हा तिचा एक तुकडा. नवी मुंबईत तो तुकडा बरा दिसतो म्हणून आपण शहराला पास करून टाकतो. फेरी मात्र तुटते ती चौकात, सोसायटीच्या बंद मागच्या गेटपाशी, नाल्याच्या काठावर, हायवेच्या कडेला. तिथे कुणी टेप घेऊन जात नाही.

मी हे चूक करून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्थानिक संस्थेसाठी आम्ही स्टेशनसमोरच्या रस्त्यावर पादचारी मोजले होते. गर्दी भरपूर होती, पदपथ अरुंद होता, म्हणून रुंद करा अशी शिफारस केली. काम झालं आणि चांगलं झालं, पेव्हर ब्लॉक एका पातळीत, कर्बस्टोन सरळ. वर्षभराने सहज बघायला गेले तर माणसं रस्त्यावरूनच चालत होती. हातात भाजीची पिशवी असलेल्या एका आजींना विचारलं, वरून का नाही चालत? त्या म्हणाल्या, "बाई, सारखं चढ-उतर करून गुडघे गेले, खालूनच बरं." मग मी तोच रस्ता पुन्हा चालले. प्रत्येक गेटसमोर, प्रत्येक दुकानाच्या गाडी आत घेण्याच्या उतारावर पदपथ संपत होता आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होता. आमच्या अहवालात रुंदी होती, लांबी होती, गर्दी होती. किती वेळा उतरावं लागतं हा रकानाच नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या कागदावर तो असतो: दर शंभर मीटरला किती वेळा खाली उतरावं लागलं, आणि उतरायची पायरी किती उंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, कर्बची, म्हणजे रस्त्यापासून पदपथाच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हटलं आहे. आपल्याकडे पदपथ गटाराच्या छपरावर बसवतात, त्यामुळे गटाराची जी उंची तीच पदपथाची होते. मोजपट्टी घेऊन फिरा, चित्र लगेच दिसेल.

आता ठाणं की नवी मुंबई? दोन्हीकडचं दुखणं वेगळं आहे. ठाण्याचा जुना भाग, म्हणजे नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, तलावपाळी, हा चालत वाढलेला गाव आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, आणि गावाचा कारभार तेव्हापासून स्टेशनभोवती घट्ट होत गेला. गल्ल्या आखूड, वळणं जवळजवळ, एक वाट बंद झाली तर दुसरी आहेच. तिथे अंतराची तक्रार कुणी करत नाही. चालायला जागा नाही ही तक्रार आहे. दुकानाची पायरी पुढे आलेली, तिला लागून उभ्या केलेल्या स्कूटर, मधे विजेचा फीडर पिलर, त्याच्यापुढे झाडाचा पार. आयआरसीच्या हिशोबाने राहत्या भागातसुद्धा अडथळे वगळून १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, बाजाराच्या रस्त्याला त्याहून जास्त. गोखले रोडवर टेप धरून बघा.

नवी मुंबईत हेच उलटं होतं. रुंदी आहे, वाट नाही.

याचं कारण आखणीच्या इतिहासात आहे, आणि प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथूनच सुरू व्हायला हवं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना साठच्या दशकात मांडली. ते शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. एकच मोठं केंद्र न करता अनेक नोड, म्हणजे वाशी, नेरूळ यांसारखी स्वतंत्र उपनगरं, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरमध्ये शाळा, बाजार, मैदान. पॅरिसच्या कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पंधरा मिनिटांच्या शहराची, म्हणजे रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत चालत किंवा सायकलने भागाव्यात या कल्पनेची, आज सगळीकडे चर्चा आहे. आपल्या सेक्टरच्या नकाशात त्यातलं बरंच काही कितीतरी आधी होतं. पण नोड बांधले जात असताना रेल्वे नव्हती. वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये. ठाणे-वाशी मार्ग त्याहून उशिरा, २००४ मध्ये. तोवर येणंजाणं सायन-पनवेल हायवे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यानेच होतं. सेक्टरच्या आत पायी चालायची सोय आणि सेक्टरच्या कडेला गाडीसाठी रुंद रस्ता, अशी रचना पक्की होत गेली. आत सुरक्षित, आणि कड ओलांडायची म्हटलं की जीव मुठीत.

तरीही जुन्या सिडको वसाहतींमध्ये एक चांगली गोष्ट होती. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या लहान घरांच्या वसाहती, माथाडींच्या बैठ्या चाळी, यांच्यामधून पायवाटा होत्या. दोन इमारतींच्या मधून, मैदानाच्या कडेने, मागच्या फाटकातून माणूस स्टेशनपर्यंत जवळजवळ सरळ जायचा. शाळेतली मुलं तर रस्त्याला न लागता शाळेत पोहोचायची. मग सोसायट्यांनी सुरक्षेसाठी मागची गेटं बंद केली, कंपाउंडच्या भिंती चढवल्या. आणि आता पुनर्विकास आला आहे. लहान प्लॉट एकत्र करून मोठा प्लॉट, त्यावर पार्किंगचं पोडियम, चारी बाजूंनी भिंत, एक प्रवेशद्वार, एक बाहेर पडायचं दार. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची उंची, समासातलं अंतर, पार्किंगची संख्या यांचा काटेकोर हिशोब करावा लागतो. त्या जागेतून रोज किती माणसं पलीकडे जात होती, हे कुणी मोजून ठेवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमचा विषय हाच घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे: सिडकोकालीन वसाहतींच्या पुनर्विकासाने पायी फेरीचं अंतर वाढतं का, किती, आणि कुणाचं? नेरूळमध्ये राहता म्हणजे घराच्या दारात प्रयोगशाळा आहे. काही वसाहती अजून जुन्या आहेत, काही पाडल्या आहेत, काहींच्या जागी टॉवर उभे आहेत. आधी आणि नंतर असं दोन्ही एकाच वेळी बघायला मिळण्याची ही संधी काही वर्षांत जाईल.

मोजायचं कसं ते सांगते. एका घरापासून स्टेशनपर्यंत सरळ रेषेतलं अंतर आणि प्रत्यक्ष चालायचं अंतर यांचं गुणोत्तर काढा. त्याला आपण वळसा-गुणोत्तर म्हणू. समजा सरळ अंतर २०० मीटर आहे. मागच्या गेटातून पायवाटेने गेलं तर २६० मीटर पडतात, म्हणजे गुणोत्तर १.३. गेट बंद झालं आणि मुख्य दारातून वळसा घालावा लागला तर ४८० मीटर, म्हणजे २.४. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या वेगाने पहिली फेरी साडेतीन मिनिटांची, दुसरी पावणेसात मिनिटांची. लहान मुलाचा हात धरून चालणाऱ्या आईला ती नऊ मिनिटांवर जाते. रोज दोनदा. त्या नऊ मिनिटांना कंटाळून घरात पहिली स्कूटी येते, आणि पुढच्या सर्वेक्षणात आपण लिहितो की दुचाकींची संख्या वाढली.

याच गणिताचा दुसरा भाग स्टेशनच्या परिघाचा. अहवालात स्टेशनभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढतात आणि आतले सगळे 'चालत येण्याजोग्या अंतरात' धरतात. पण सगळीकडे वळसा-गुणोत्तर १.३ असेल तर ८०० मीटर चालून सरळ रेषेत साधारण ६१५ मीटरच पोहोचता येतं, आणि क्षेत्रफळाच्या हिशोबाने वर्तुळाचा ५९ टक्के भागच उरतो. १.६ झालं तर ३९ टक्के. म्हणजे काही भिंती वाढल्या की स्टेशनची चालती हद्द निम्म्याहून कमी होऊ शकते, आणि नकाशावरचं वर्तुळ तेवढंच राहतं. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आहे. तिच्या ११ स्टेशनांपैकी दोन-तीन घेऊन हेच गणित खारघरमध्ये केलंत तर तुलनेला फार चांगलं प्रकरण होईल.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा वापरा, पण ओपनस्ट्रीटमॅपवर विसंबू नका. सोसायट्यांच्या मधल्या पायवाटा, भिंतीतलं भगदाड, दुपारी बंद होणारं फाटक, हे तिथे नसतं किंवा जुनं असतं. प्रत्येक फाटकाजवळ जा आणि नोंद करा: केव्हा उघडं, केव्हा बंद, कुलूप कुणाकडे, वॉचमन कुणाला अडवतो. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही फाटकं टाय लावलेल्या माणसाला उघडी असतात आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला बंद.

आता मार्गदर्शकांच्या वॉकेबिलिटी इंडेक्सविषयी. तो वाईट नाही, पण तो काय मोजतो ते आधी समजून घ्या. केंद्रीय नगरविकास मंत्रालयासाठी २००८ मध्ये ३० शहरांचा जो वाहतूक अभ्यास झाला, त्यातला निर्देशांक पदपथाची उपलब्धता आणि सुविधांना दिलेले गुण यांच्यावर बेतलेला होता. रस्त्याच्या किती लांबीला पदपथ आहे हा त्यातला मोठा घटक. त्या मापाने तुमचं नेरूळ वर येणार आणि नौपाडा खाली जाणार, आणि नौपाड्यात माणसं खचाखच का चालतात याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. पादचारी सेवास्तराचंही, म्हणजे चालण्याच्या जागेला गर्दीवरून दिलेल्या दर्जाचंही, तेच. जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ती पद्धत प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती जागा येते यावर चालते. ठाणे स्टेशनच्या पुलावर सायंकाळी साडेसातला ती उत्तम लागू पडते, तिथे ती जरूर वापरा. पण पाम बीच रोडच्या कडेच्या रिकाम्या पदपथाला तीच पद्धत 'ए', म्हणजे सगळ्यात वरचा, दर्जा देईल, कारण तिथे माणूसच नाही. माणूस का नाही, हा खरा प्रश्न.

रस्ता ओलांडण्याचं मोजमाप वेगळ्या कागदावर करा. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर १.२ मीटरच्या वेगाला २० सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी ०.८ मीटरने चालत असेल तर तिला ३० लागतात. सिग्नलवर पादचाऱ्याचा हिरवा दिवा किती सेकंद जळतो ते स्टॉपवॉचने टिपा, त्यातले डावीकडे मोकळ्या वळणाऱ्या गाड्यांमुळे वाया जाणारे सेकंद वजा करा आणि उरलेला आकडा या दोहोंच्या शेजारी ठेवा. शिवाय थांबण्याचा वेळ घ्या: माणूस कडेला येऊन उभा राहिल्यापासून पाय टाकेपर्यंत किती गेले. लोक सिग्नल पाळत नाहीत असं सर्रास म्हणतात. ज्या चौकात थांबावं लागणारा वेळ एका मर्यादेपलीकडे जातो तिथे लोक धावतात, आणि ती मर्यादा मोजून दाखवता येते. अशा आकड्यासमोर अधिकारीही थांबून विचार करतात हे मी पाहिलं आहे.

अपघातांची आकडेवारी जपून वापरा. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पादचारी होते. हा आकडा प्रस्तावनेत असावा. पण तुमच्या रस्त्यासाठी अपघातप्रवण ठिकाणांची यादी पुरेशी नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या व्याख्येत ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले की ते ठिकाण यादीत येतं. जिथे आई मुलाला ओलांडूच देत नाही, तिथे अपघात होत नाही. तो रस्ता कागदावर सुरक्षित ठरतो. म्हणून जवळच्या शाळेत जाऊन विचारा: किती मुलं पलीकडच्या सेक्टरमधून येतात, आणि त्यातली किती एकटी चालत येतात. शाळेची रीतसर परवानगी आधी घ्या.

फेऱ्या कुणाच्या, या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या साधारण निम्म्या फेऱ्या पायीच होत्या. म्हणजे आपला प्रश्न युरोपातल्या शहरांपेक्षा वेगळा आहे. त्यांना गाडीतल्या माणसाला खाली उतरवायचं आहे. आपल्याला चालणाऱ्याला चालतं ठेवायचं आहे, आणि तेही सन्मानाने. कार्बनची बचत काढण्याचा मोह होईल, तेवढ्यासाठी एखादं परिशिष्ट पुरे.

जनगणनेचा बी-२८ तक्ता तुम्ही घ्यालच. २०११ च्या त्या तक्त्यात शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरचे कामकरी कामाच्या ठिकाणी किती अंतरावर आणि कशाने जातात ते दिलं आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्या तक्त्यातला ठाणे जिल्हा म्हणजे पालघर धरून, कारण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तुमची नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागली आहे, दिघा ते बेलापूर ठाण्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात. आणि एका माणसाला एकच साधन नोंदवलं जातं, त्यामुळे वीस मिनिटं चालत स्टेशनला जाऊन लोकल पकडणारा तिथे फक्त रेल्वेचा प्रवासी आहे. त्याचं चालणं नाहीसं होतं. कामाव्यतिरिक्तच्या फेऱ्या तर त्यात मुळातच नाहीत.

बायकांच्या फेऱ्या सगळ्यात जास्त गळतात. सर्वेक्षक दारात जाऊन विचारतो, "काल कुठे कुठे गेलात?" उत्तर येतं, "कुठेच नाही, घरीच होते." मी माझ्या मुलींना शिकवलं आहे, मुली म्हणजे माझ्या सर्वेक्षक, की तिथे थांबायचं नाही. दूध कुणी आणलं? मुलाला स्कूलबसला कुणी सोडलं? दळण कुणी टाकलं? सासूबाईंचं औषध? संध्याकाळी भाजी? पाच मिनिटांत पाच फेऱ्या निघतात, त्यातल्या दोन एकमेकींना जोडलेल्या. घरीच असलेली बाई दिवसात दोन-तीन किलोमीटर चाललेली असते. दारात विचारायला बाईच पाठवा, आणि दुपारी तीन ते पाच या वेळेत पाठवा.

आणि एक तरी फेरी कुणाच्या तरी बरोबर पूर्ण चाला. तुर्भे स्टोअर भागात राहणाऱ्या एका ताईंबरोबर मी एकदा सकाळी निघाले. त्या ठाणे-बेलापूर रस्ता आणि रूळ ओलांडून पलीकडच्या सेक्टरांमध्ये चार घरी स्वयंपाकाला जातात. मोठ्या रस्त्याच्या कडेला त्या थांबल्या, पदर खोचला, पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि अवजड गाड्यांच्या रांगेत फट पडायची वाट बघू लागल्या. दुभाजकावर आधीच तिघीजणी उभ्या होत्या. जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा, समोरून कंटेनर. ताई म्हणाल्या, "इथे उभं राहिलं ना, की वारा ओढतो." मी इतकी वर्षं दुभाजकाची रुंदी लिहीत होते. कंटेनरचा वारा ओढतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढे सेक्टरमध्ये शिरल्यावर छान सावलीचा पदपथ लागला, त्यावर त्या भरभर चालल्या, आणि पहिल्या सोसायटीच्या मुख्य गेटावर वॉचमनने त्यांना मागच्या बाजूने यायला सांगितलं. पुन्हा वळसा. या एका फेरीत तुमचा सगळा प्रबंध आहे.

सायकलचं प्रकरण छोटं ठेवलंत तरी चालेल, पण बघायचं कुणाकडे हे ठरवून घ्या. पहाटे पाम बीच रोडवर हेल्मेट घातलेले गट दिसतात. स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपच्या नकाशावरही तेच दिसतात, कारण नोंद तेच करतात. सकाळी सातला भोंपू वाजवत येणारा इडलीवाला, पाववाला, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात शिफ्टला जाणारा कामगार, यांची सायकल अ‍ॅपवर नसते. त्यांना सायकल हवी ती रोजच्या पोटासाठी. त्यांना मैदानाभोवतीचा रंगवलेला ट्रॅक नको आहे, स्टेशनबाहेर सायकल चोरीला न जाता लावता यावी आणि चौकातून नीट सरळ जाता यावं एवढं हवं आहे. २०१८ मध्ये नवी मुंबईत भाड्याच्या सायकली सुरू झाल्या तेव्हा जागा ठरवताना हीच माणसं डोळ्यांसमोर असायला हवी होती, असं मला वाटतं. तुम्ही गणना कराल तेव्हा सायकलवर काय लादलं आहे तेही लिहा: किटली, गॅस सिलिंडर, दप्तर, की काहीच नाही.

४०० च्या प्रश्नावलीबद्दल स्पष्ट बोलते. तो आकडा कुठून येतो? ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली की सूत्रातून ३८५ निघतात, ते वर ओढून ४०० करतात. पण ते सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. स्टेशनच्या दारात उभं राहून जो थांबेल त्याला विचारलं तर तो नमुना यादृच्छिक नाही. ज्याला घाई नाही, ज्याला प्रश्न कळतो, जो स्टेशनपर्यंत पोहोचला आहे, तेवढेच त्यात येतात. जो वळशाला कंटाळून रिक्षाने गेला तो येतच नाही. त्यापेक्षा चार वसाहती निवडा, दोन जुन्या, दोन पुनर्विकसित, प्रत्येकीत घरं चिठ्ठी टाकून निवडा आणि ८० ते १०० घरांत नीट बसून फेऱ्यांची डायरी भरून घ्या. आकडा लहान दिसेल, पण तोंडी परीक्षेत तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहू शकाल. बाहेरचे परीक्षक ४०० का नाहीत म्हणतील, तेव्हा वरचंच उत्तर द्या.

गणना पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करा, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. एक मंगळवार किंवा बुधवार, एक रविवार. आणि कृपा करून एकदा पावसात करा. जुलैमधली फेरी आणि फेब्रुवारीतली फेरी या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. पेव्हर ब्लॉक हलतो, खालचं पाणी पायावर उडतं, छत्री उघडली की माणसाची रुंदी दुप्पट होते, पाणी साचलं की पदपथावर स्कूटर चढतात. आपल्याकडचे बहुतेक अभ्यास जानेवारी ते मार्चमध्ये होतात, कारण प्रबंध मेमध्ये द्यायचा असतो. तुमच्या हातात अजून एक पावसाळा असेल तर तो सोडू नका.

कागदपत्रांसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लवकर टाका. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस, पण पहिलं उत्तर बऱ्याचदा अपुरं येतं आणि अपिलात आणखी वेळ जातो. मागायचं काय ते नेमकं लिहा: अमुक वसाहतीचा मूळ अभिन्यास, म्हणजे मंजूर ले-आउट, पुनर्विकासाचा मंजूर नकाशा, आणि शेजारच्या रस्त्याच्या पदपथ कामाची मोजमाप पुस्तिका. मूळ अभिन्यासात पायवाट दाखवलेली असेल आणि नव्या नकाशात नसेल, तर तुमच्या हाती फार मोलाची गोष्ट लागली. पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. पण पदपथाच्या हक्काबरोबर वाटेचाही हक्क येतो का, हे अजून कुणी पुराव्यानिशी विचारायला हवं. तुमचे दोन नकाशे तो पुरावा होऊ शकतात.

मार्गदर्शकांशी भांडू नका. इंडेक्स हवा असेल तर तोही काढा, एक प्रकरण त्याला द्या आणि त्याच रस्त्यांचं वळसा-गुणोत्तर शेजारच्या रकान्यात ठेवा. दोन्ही रकाने जिथे एकमेकांशी जुळत नाहीत त्या रस्त्यांची यादी करा आणि ते रस्ते त्यांना पायी दाखवायला घेऊन जा, संध्याकाळी सातला.

येत्या शनिवारी पहिली फेरी करा. तुमच्याच घरापासून नेरूळ स्टेशनच्या तुमच्या बाजूच्या दारापर्यंत, एकदा एकटीने आणि एकदा घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाबरोबर. पाच मीटरची टेप, स्टॉपवॉच, पाठकोरे कागद. प्रत्येक उतरण्याचा फोटो काढा आणि फोटोत टेप धरा, नाहीतर पायरीची उंची नंतर कळत नाही. बंद फाटकं लागली तर त्यांचेही फोटो, कुलपासकट. दोन्ही फेऱ्यांचे आकडे इथे लिहा, त्यावरून डायरीचा नमुना कसा करायचा ते मी पुढे सांगते.